उभी वाफ

ज्या वर्षी धाकट्याची बायको भांडून माहेरी गेली, चार वेळा आणायला गेलेल्यांना तिनं हात हलवत परत पाठवलं आणि शेवटी अडीच महिन्यांनी आपली आपणच पिशवी घेऊन दारात उभी राहिली, त्याच वर्षी बाबांचा पाय भाजला. घरात ते वर्ष अजून त्याच खुणेनं ओळखलं जातं. ‘धाकट्याची बायको गेली होती ना, त्या वर्षी,’ असं म्हणतात. पाय भाजला त्या वर्षी, असं कुणी म्हणत नाही. माणूस परत आलं की त्याच्या जाण्याची गोष्ट हसत हसत सांगता येते. पाय काही परत येत नाही.

त्या गोष्टीला वर्ष होत आलं असताना एका शुक्रवारी सकाळी पट्टीवाली फ्रेमवाल्याच्या दुकानात फोटो घेऊन उभी होती. चर्चनं चालवलेल्या म्हाताऱ्यांच्या घरात एकोणीस वर्षं ती पायांच्या जखमा धुऊन पट्ट्या बांधत आली होती, म्हणून तिथं तिला सगळे पट्टीवालीच म्हणत. बाबाही शेवटची चार वर्षं तिथंच होते. त्यांना मात्र तिचे वडील म्हणून कुणी ओळखत नसे. ते बॉयलरवाले होते. इस्पितळाच्या लाँड्रीत त्यांनी छत्तीस वर्षं बॉयलर सांभाळला होता आणि ही गोष्ट ते जेवायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा सांगत. फोटो बुधवारी परदेशातून आला होता, जाड पुठ्ठ्यात घालून. गेल्या वर्षी तिकडच्या एका चर्चची चौदा माणसं दहा दिवस सेवा करायला आली होती. भिंतींना रंग दिला, गाणी म्हटली, आणि शेवटच्या गुरुवारी, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले म्हणून, म्हाताऱ्यांचे पाय धुतले. त्या पाय धुण्याचा हा फोटो. यंदा तीच माणसं सोमवारी पुन्हा यायची होती. घराचा कारभार बघणाऱ्या मेट्रनबाईंनी फोटो दोन्ही हातांनी धरून दाखवला होता. म्हणाल्या, "बघ तुझे वडील कसे राजासारखे बसलेत. फ्रेम करून आण. सोमवारच्या आत हॉलमध्ये लागला पाहिजे. आणि खाली दोन ओळी लिही, तुझं अक्षर चांगलं आहे." तिनं फोटो बघितला होता, म्हणजे बाबांचं तोंड बघितलं होतं, आणि घाईनं पुठ्ठ्यात परत घातला होता. गेलेल्या माणसाचं जिवंतपणीचं तोंड फार वेळ बघवत नाही.

"काच साधी की चमक न मारणारी?" फ्रेमवाल्यानं विचारलं.

"साधी."

"म्हातारबाबा तुमच्यातलेच दिसतात. नाक तेच."

"वडील."

"अच्छा. आणि पाय धुतेय ती? सूनबाई?"

"आमची सून पाय धुवेल होय? परदेशातली आहे. चर्चची मंडळी आली होती तिकडून, दहा दिवस."

"एवढ्या लांबून पाय धुवायला," फ्रेमवाला हसला. "आमच्याकडे शेजारच्या खोलीतून कुणी पाणी घेऊन येत नाही." त्यानं फोटो दिव्याखाली धरला, डोळे बारीक केले. "बाई, एक सांगू? मधे धूर आलाय बघा, टबाच्या वर. पुसून देतो. कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम. पाय नीट दिसेल."

"कसला धूर?"

"हा काय. मागचं दार काळं आहे म्हणून उठून दिसतोय. आणि म्हातारबाबा पण, सगळे कॅमेऱ्याकडे बघतात, हे त्या धुराकडेच बघताहेत."

तिनं बोट फोटोवर ठेवलं नाही, बोट वर धरूनच बघत राहिली. दुकानात लाकडाच्या भुशाचा वास होता, सरसाचा वास होता, बाहेर कुणीतरी स्कूटर चालू होत नाही म्हणून पुन्हा पुन्हा लाथ मारत होतं. फोटोत हॉलच्या कोठीचं काळं दार होतं. दारापुढं खुर्ची, खुर्चीत बाबा, त्यांचा डावा पाय टॉवेलावर, उजवा टबात. पुढं गुडघ्यावर बसलेली ती उंच पोरगी, निळ्या शर्टातली, हातांत पिवळे रबरी हातमोजे. आणि पाण्यापासून बोटभर वर, जिथं काहीच नाही असं वाटावं तिथून सुरू होऊन, एक पांढरी वाफ उभी चढली होती, काडीसारखी सरळ, बाबांच्या गुडघ्यापर्यंत. बाबांचा एक हात पोरीच्या डोक्यावर होता. डोळे वाफेवर होते. ते डोळे तिनं लहानपणापासून पाहिले होते. घड्याळाकडे बघावं तसे ते वाफेकडे बघत.

"पुसू नका," ती म्हणाली. "आहे तसा लावा." मग पुन्हा म्हणाली, "नको. द्या तो. फ्रेम तेवढी द्या, मी घालते," आणि फोटो छातीशी धरून ती रस्त्यावर आली, आणि बसच्या थांब्याकडे न जाता उलट्या बाजूला चालत सुटली.

उभी वाफ. हा शब्द बाबांचाच. लहानपणी डबा घेऊन ती लाँड्रीत जायची तेव्हा चादरींचे डोंगर, ओल्या सुताचा आणि साबणाचा वास, आणि आवाज एवढा की आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येऊ नये. त्या आवाजात बाबा तिला खुणा करून शिकवायचे. बाहेर आल्यावर नीट सांगायचे: पाण्याला चिकटून सरपटणारी वाफ असली की खुशाल हात घाल, ते आंघोळीचं पाणी. उभी वाफ दिसली की हात मागे. उभ्या वाफेचं पाणी कुणाचं नसतं. काटा बघायची त्यांना गरज पडत नसे. काटा बिघडतो, वाफ बिघडत नाही, असं म्हणायचे. कामावर नवा आलेला माणूस हौदाच्या कडेला वाकला की ओरडून उपयोग नसायचा, म्हणून बाबा मागून येऊन त्याच्या डोक्यावर पंजा ठेवायचे आणि त्याला हळूच मागे सारायचे. सरक, वाफ आहे. एवढाच त्या हाताचा अर्थ. तिच्याही डोक्यावर तो पंजा कितीदा पडला होता. जड, दमट, साबणाचा वास असलेला. लोक पोरांच्या डोक्यावर लाडानं हात ठेवतात. बाबांचा हात डोक्यावर पडला की ती दोन पावलं मागे व्हायची, लग्न झाल्यावरसुद्धा.

म्हणजे त्यांनी बघितलं होतं. ती एका बंद दुकानाच्या पायरीपाशी थांबली, पुन्हा चालू लागली. साखरेच्या आजारानं बाबांचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत बधिर झाले होते, पण डोळे शाबूत होते. ज्या माणसानं छत्तीस वर्षं वाफ वाचली, त्याच्या स्वतःच्या पायाखालून उभी वाफ निघाली आणि तो ती बघत बसला. पाय काढला नाही. आणि दुसऱ्या दिवशी तिला काय सांगितलं? तिनंच तर लिहून घेतलं होतं. ती रोज प्रत्येक पायाची नोंद करते: कुठला पाय, केवढी जखम, रंग, वास, आणि शेवटच्या रकान्यात, रुग्ण काय म्हणतो. शुक्रवारच्या पानावर तिच्याच चांगल्या अक्षरात लिहिलं होतं, ‘रुग्ण म्हणतो: न्हाणीत नळाखाली धरला, गरम कळलं नाही.’ खोटं बाबांचं आणि अक्षर तिचं.

त्या गुरुवारी ती तिथं नव्हती. धाकट्याच्या बायकोला आणायला गेली होती, तिसऱ्या खेपेला. तिथल्या चटईवर बसून तिच्या आईची बोलणी खात होती, धाकटा भाऊ शेजारी मान खाली घालून बिस्किटं खात होता. इकडे दुपारी तीनला हॉलमध्ये टब मांडले गेले. पहिल्या दिवशी तिनं त्या चौदा जणांना सगळं दाखवलं होतं. चर्चच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, दुभाषे म्हणून मधे घालून सांगितलं होतं की या पायांना कळत नाही, खडा रुतला तरी कळत नाही, निखारा पडला तरी कळत नाही, म्हणून पाणी आधी आपल्या कोपरानं बघायचं, कोपर खोटं बोलत नाही. सगळ्यांनी हसत हसत बाह्या वर करून कोपरं बुडवली होती आणि एकमेकांच्या कोपरांचे फोटो काढले होते. त्यांचा पुढारी, गळ्यात शिट्टी अडकवलेला, माणसं गोळा करायला ती फुंकायचा म्हणून म्हातारे त्याला शिट्टीवाला म्हणत, त्यानं मान डोलावून वहीत काहीतरी लिहून घेतलं होतं. मग त्यानं पेटीतून जाड पिवळे हातमोजे काढले, आतून कापूस लावलेले. उघड्या हातानं कुणाच्याही जखमेच्या पायाला शिवायचं नाही, हा त्याचा नियम. आणि तिला तेव्हा बरं वाटलं होतं. ती मेट्रनबाईंना म्हणाली होती, ‘शहाणी माणसं आहेत, काळजी घेतात.’ धुणाऱ्याच्या हाताला रबर आणि कापूस, धुतला जाणारा पाय साखरेनं मारलेला. मधे पाणी. त्या पाण्याची कुणालाच खबर नाही. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तेव्हा हातमोजे घातले होते का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. तिलाही नाही. ती त्यांना शहाणी म्हणून बसली.

आणि पाणी गरम का? कारण ती माणसं थंड मुलखातली. त्यांच्याकडे गार पाणी म्हणजे हिडीसफिडीस आणि गरम पाणी म्हणजे माया. इथं उन्हात नळाचं पाणीही कोमट येतं, पाय धुवायला ते पुरतं, पण त्यांना ते पुरेना. त्यांना वाफ येणारी माया हवी होती. आणि फोटो नीट यावा म्हणून पाय किती वेळ धरून ठेवला असेल? सगळ्यात आधी बाबाच बसले असणार. नेहमी पहिल्या खुर्चीत बसायची त्यांना हौस. मागाहून आलेल्यांना निवालेलं पाणी मिळालं. तरी तिथल्याच शिंपीणआजीच्या अंगठ्याला फोड आला होताच. त्याच शुक्रवारी तिनं तो फोड बघितला होता. आजी म्हणाल्या होत्या, "नव्या चपला लागल्या गं, त्या पाहुण्यांनी दिलेल्या," आणि तिनं तेही लिहून घेतलं होतं. एका दिवशी एका घरात दोन पाय भाजतात, आणि एकोणीस वर्षं पाय बघणारी बाई एका पायाला नळ लिहिते, एकीला चपला. तिला वाटलं रस्त्यातच कुणाला तरी थोबाडीत मारावी. समोरून एक माणूस कलिंगडाची फोड खात येत होता. त्याच्याकडे तिनं असं बघितलं की तो बाजूला झाला.

राग कुणाकुणाचा करायचा? शिट्टीवाल्याचा करून बघितला, पण तो लांब, त्याचं तोंडही नीट आठवेना, शिट्टीच आठवली. पाळकांचा केला. मेट्रनबाईंचा केला. त्या उंच पोरीचा करायला गेली आणि तिथं राग पाय पसरून बसला. बाबांनी तिला जिराफ नाव ठेवलं होतं. दहा दिवस जिराफ बाबांच्या खाटेशी बसायची. भाषा एकमेकांची कळत नव्हती, तरी बाबा तिला बॉयलरची गोष्ट सांगायचे आणि ती ऐकायची. घरातल्या कुणी इतक्या वर्षांत ती शेवटपर्यंत ऐकली नव्हती. फोटोच्या मागं तिनं चार ओळी लिहिल्या होत्या आणि पाळकांनी त्याखाली पेन्सिलीनं अर्थ लिहिला होता: ‘या आजोबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून मला आशीर्वाद दिला. त्या क्षणापासून माझं आयुष्य बदललं.’ तुझं बदललं. पट्टीवाली मोठ्यानं म्हणाली, भर रस्त्यात, "तुझं बदललं." डोळे मिटून वाकली होती पोरगी, वाफेवर तोंड धरून. आणि म्हातारा काय करणार? त्यानं आपला पाय बघितला, तो दुखत नव्हता. तिचं तोंड बघितलं, ते भाजलं असतं. त्यानं पंजा तिच्या डोक्यावर ठेवला आणि तिला मागे सारलं. सरक, वाफ आहे. तिला वाटलं, आशीर्वाद.

आणि बाबा, तुम्ही? दहा दिवसांच्या पाहुणीला बोल लागू नये म्हणून पोटच्या मुलीशी खोटं बोललात. तुम्हाला पाहुण्यांची लाज, आणि माझी? त्यानंतरचे आठ आठवडे तिला आठवू नयेत असे आठवले. रोज सकाळी पट्टी सोडताना ती बोलायची. भाजलेली कातडी सोलून निघायची, पाचव्या दिवसापासून वास येऊ लागला, करंगळी काळी पडली, आणि ती बोलतच होती, कारण भीती वाटली की तिचं तोंड सुटतं. "जन्मभर बॉयलर सांभाळला आणि म्हातारपणी एक नळ सांभाळता येईना." "नळाखाली पाय धरायला तुम्ही काय लहान पोर?" "दुसऱ्यांचे पाय बघत फिरते मी, आणि माझ्याच घरचा पाय असा, लोक काय म्हणतील?" हे शेवटचं तर तिनं शिंपीणआजीसमोर म्हटलं होतं. बाबा ऐकून घेत. एकदाच म्हणाले, "पाणी आहे ते. त्याला काय ठाऊक आपला कोण, परका कोण." आणि एकदा, पाय गुडघ्याखालून काढल्यावर, इस्पितळात, ग्लानीत की शुद्धीत कोण जाणे, त्यांनी विचारलं, "ती जिराफ पुन्हा यायचीय का गं?" तेव्हा ती चादर बदलत होती. "तुम्हाला स्वतःच्या पायाचं पडलेलं नाही, जिराफाचं पडलंय," ती म्हणाली होती. त्यावर बाबा हसले. ते हसू तिला तेव्हा बावळट वाटलं होतं. आता, फोटो छातीशी धरून, भलत्याच रस्त्यावर भलत्याच वळणाशी, ते हसू तिच्या ध्यानात आलं, आणि तिला बाबांचा जेवढा राग आला तेवढा जन्मात कुणाचा आला नव्हता. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. तो आधीच जिंकलेला असतो.

घरी, म्हणजे म्हाताऱ्यांच्या घरी, ती दुपारी पोचली. मेट्रनबाई कोठीत चादरी मोजून ठेवत होत्या. तिनं फोटो चादरींवर ठेवला.

"आणलीस फ्रेम? छान. पण फोटो बाहेर का?"

"ही वाफ बघा."

"कुठली?" मेट्रनबाईंनी चष्मा लावला. बघितलं. चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा लावला नाही. "मी त्या वेळी हॉलमध्ये नव्हते गं. इथंच होते."

"पाणी कुणी दिलं?"

"चहाचं पातेलं चढवलेलं होतं, त्यातलं दिलं. ते म्हणाले गरम हवं. गार पाण्याचं विसण घालायला सांगितलं होतं मी."

"कुणाला?"

"पाळकांना."

"आणि पाळकांनी?"

"त्यांनी त्या लोकांना सांगितलं असेल ना."

"असेल," पट्टीवाली म्हणाली.

मेट्रनबाईंनी एक चादर उलगडली आणि पुन्हा तशीच घडी घातली. "हे बघ, तुझे वडील स्वतःच म्हणाले नळाखाली धरला. तुझ्याच वहीत आहे. मी वाचलंय."

"खोटं आहे ते."

"आता खरं-खोटं करून पाय परत येणार आहे? चांगल्या मनानं आली ती माणसं. येताना यंदा सहा पलंग आणताहेत, वरखाली होणारे. तुझ्याच पेशंटांना उपयोग. उगाच आल्या आल्या त्यांच्या पुढ्यात हे ठेवायचं?"

"गुरुवारी पाय धुणं आहे?"

"आहेच. त्यांना तेच सगळ्यात आवडतं."

"आणि हातमोजे?"

मेट्रनबाईंनी पुढची चादर उचलली. कोठीच्या त्याच काळ्या दारापाशी त्या उभ्या होत्या. यांना ठाऊक होतं की नव्हतं, हे पट्टीवालीला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि नंतर तिनं तो शोधही सोडून दिला. काही माणसं अशी असतात की त्यांना कळलेलं त्यांच्या स्वतःच्या कानावर येत नाही.

"तू दोन ओळी लिही फक्त," मेट्रनबाई मवाळ आवाजात म्हणाल्या. "‘प्रेमानं धुतलेले पाय’, असं काहीतरी. बाकी मी बघते. आणि सही नको करू."

"लिहिते," ती म्हणाली. "सही नाही करत."

शनिवार गेला, रविवार गेला. बावीस माणसांच्या चव्वेचाळीस पायांच्या, म्हणजे मोजून एक्केचाळीस पायांच्या पट्ट्या तिनं रोजच्यासारख्या बदलल्या. प्रत्येक टाच हातात घेताना तिला वाटायचं, गुरुवारी या टाचेखाली काय असेल. शिंपीणआजींची जीभ कात्रीपेक्षा धारदार. त्यांनी तिचा चेहरा बघून विचारलं, "काय गं, आज बोलत नाहीस? तुझी बोलणी खाल्ली नाहीत तर माझी जखम भरायची नाही."

"आजी, गेल्या वर्षी पाय धुतले तेव्हा तुम्ही बाबांच्या शेजारी होता ना?"

"पहिली खुर्ची त्याची, दुसरी माझी. का?"

"पाणी गरम होतं?"

"माझ्या पायाला विचार," आजी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बॉयलरवाल्यानं माझ्या टबात तांब्याभर गार पाणी ओतलं होतं मात्र. बसल्या जागेवरून, वाकून. मी म्हटलं, मेल्या, माझं पाणी का बिघडवतोस, एवढं ऊन ऊन दिलंय पोरांनी. तर म्हणाला, शिंपीणबाई, तुम्ही सुई सांभाळा, पाणी मी बघतो." आजी हसल्या आणि हसता हसता मधेच थांबल्या, तिच्या हाताकडे बघत, कारण तो टाचेवर जागच्या जागी थांबला होता.

म्हणजे दुसऱ्याच्या टबात विसण घालायला हात पोचला. स्वतःच्या टबात नाही. का, तर समोर पोरगी रडत असेल, शिट्टीवाला कॅमेरा धरून ‘असंच, असंच’ म्हणत असेल, आणि पहिल्या खुर्चीतल्या माणसानं फोटो बिघडवायचा नसतो. तिनं पट्टी बांधली. गाठ नेहमीपेक्षा घट्ट बसली, ती सोडून पुन्हा बांधली.

सोमवारी सकाळी ती एक तास लवकर आली, हॉलमध्ये खिळा ठोकला आणि फोटो टांगला. मेट्रनबाई दारात येऊन बघून गेल्या, लांबून. लांबून ते दोन ओळींचं लिखाण नीटनेटकं दिसत होतं, जरा जास्त ओळींचं एवढंच. दहाच्या सुमारास बस आली, शिट्टी वाजली, निळे शर्ट उतरले. जिराफ सगळ्यांच्या पुढं होती. ती सरळ बाबांच्या खाटेकडे गेली. तिथं आता एक निवृत्त मास्तर होते, ते तिला बघून गडबडून उठून बसले. तिनं आजूबाजूला बघितलं, मग हॉलमध्ये आली, फोटो दिसला आणि तिचा चेहरा फुलला. पाळकांचा हात ओढून तिनं खालचं लिखाण दाखवलं आणि काहीतरी विचारलं.

पाळक जवळ गेले. वाचलं. त्यांची मान वळली, पट्टीवाली खुर्च्या मांडत होती तिकडे.

"काय म्हणतेय ती?" तिनं विचारलं.

"खाली काय लिहिलंय विचारतेय. मी सांगतो तिला, आजोबा आता प्रभूपाशी आहेत."

"तसं लिहिलेलं नाही. जे लिहिलंय ते सांगा."

"बाई, लहान आहे ती. एवढी लांबून आलीय."

"गेल्या वर्षीही लांबूनच आली होती. विसण घाला म्हणून सांगायचं होतं तेव्हा तुम्ही काय सांगितलंत पाळक?"

शिट्टीवाला हसत हसत जवळ आला, बाकीचेही आले, मागं खुर्च्यांत म्हातारे बसत होते, शिंपीणआजींनी चपला काढून पाय खुर्चीवर घेतले होते. मेट्रनबाई दारातच थांबल्या. पाळक एक एक ओळ, आधी आपल्या भाषेत वाचून आणि मग त्यांच्या भाषेत, सांगायला लागले. वहीत लिहायची तसंच तिनं लिहिलं होतं, दुसरं तिला लिहिता येत नव्हतं. ‘उजवा पाय. गुरुवार, सव्वीस मार्च, दुपारी तीन. पाणी चहाच्या पातेल्यातलं, विसण न घातलेलं, कोपरानं न बघितलेलं. धुणाऱ्याच्या हातात रबरी हातमोजे. चवड्यापासून घोट्यापर्यंत भाजलेलं. पाचव्या दिवसापासून वास. एकविसाव्या दिवशी करंगळी काळी. चाळिसाव्या दिवशी पाय गुडघ्याखालून काढला. रुग्ण म्हणतो: नळाखाली धरला.’ इथं पाळक थांबले.

"अजून एक ओळ आहे," ती म्हणाली.

"‘रुग्ण खोटं बोलला,’" पाळकांनी वाचलं, आणि तेही त्यांच्या भाषेत सांगितलं.

शिट्टीवाल्याचा हात गळ्याशी गेला, शिट्टीवर. जिराफचं तोंड कागदासारखं झालं. तिचा हात आपोआप वर गेला आणि डोक्यावर, केसांच्या मधोमध, जिथं तो पंजा पडला होता तिथं, जाऊन बसला. पट्टीवालीनं तो हात बघितला आणि तिला कळलं की एक गोष्ट अजून आपल्याकडे आहे. ती सांगितली नाही तरी कुणाला कळणार नाही. पोरगी म्हातारी होईपर्यंत त्या हाताला आशीर्वाद समजेल, तिच्या नातवंडांना सांगेल. बाबांना तेच आवडलं असतं. बाबांना जे आवडलं असतं ते बाबा आठ आठवडे करून बसले होते.

"पाळक, तिला सांगा, तो आशीर्वाद नव्हता. ते तिला मागे सारत होते. सरक म्हणत होते, वाफ आहे. तोंड भाजेल."

पाळकांनी सांगितलं. जिराफचा हात डोक्यावरून खाली आला आणि ती तिथंच, फोटोखाली, जमिनीवर बसली आणि रडायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत. सगळे पट्टीवालीकडे बघत होते. तिनं पोरीला गप्प केलं नाही. रडणाऱ्याला गप्प करायचं काम तिचं नव्हतं. तिचं काम पायांचं होतं.

"गुरुवारचं काय करायचं मग?" मेट्रनबाईंनी दारातून विचारलं, कुणाला ते कळलं नाही.

"आमचे पाय आमच्याकडेच राहू देत," शिंपीणआजी म्हणाल्या. "आहेत तेवढे पुरेत."

पिवळ्या हातमोज्यांची पेटी खिडकीशी ठेवलेली होती, ती पट्टीवालीनं उचलली आणि कोठीत नेऊन सगळ्यात वरच्या फळीवर, मेट्रनबाईंचा हात पोचणार नाही अशी ठेवली. मग रोजच्या वेळेला तिनं नळाचं पाणी टबात घेतलं, बाही वर केली, कोपर बुडवलं आणि पहिल्या खुर्चीतल्या मास्तरांच्या पायाशी बसली. मास्तर म्हणाले, "बाई, पाणी ठीक आहे ना?" ती म्हणाली, "ठीक नसलं तर तुम्ही सांगायचं. पाहुणा असो नाहीतर घरचा असो. गप्प बसलात तर मी पट्टी बांधणार नाही." तिचा राग अजून उतरला नव्हता, आणि तो उतरावा असं तिला वाटतही नव्हतं.

बॉयलरवाले, वय वर्षं एक्याऐंशी, गेल्या वर्षी एकोणीस मे रोजी, मंगळवारी, सकाळी साडेसहा वाजता, इस्पितळात वारले. मुलगी तेव्हा खालच्या मजल्यावर त्यांच्यासाठी कोमट पाणी आणायला गेली होती.